टेंपो दाराशी लागतो म्हणजे किती वाजता?

पुण्याच्या पेठेत गाळा बघायला गेलं की एजंट एक वाक्य हमखास ऐकवतो : "साहेब, टेंपो अगदी दाराशी लागतो." आमच्या गाळ्याला खरंच लागतो, पण सकाळी दहापर्यंत. माझा माल भिवंडीहून घाट चढून येतो आणि दुपारशिवाय पोचत नाही. दुपारी गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या. टेंपो उभा राहतो तो रस्ता अडवूनच. मागून हॉर्न, हमालांची धावपळ, आणि चार खोकी उतरेपर्यंत फोटो निघालेला असतो.

ई-चलन गाडीमालकाच्या नावावर येतं, पण पुढच्या बिलात ते माझ्याच माथी. नो-पार्किंगचा पहिला दंड ५०० रुपये, पुन्हा सापडलं तर १५००. गाडी उचलून नेली तर टोइंगचे वेगळे. काही टेंपोवाले तर गल्लीचं नाव ऐकूनच भाडं वाढवून सांगतात.

म्हणून सांगतो, भाडेकरारावर सही करण्याआधी इमारतीचा मंजूर नकाशा बघा. मोठ्या व्यापारी इमारतीत माल चढवण्या-उतरवण्याची जागा पार्किंगखेरीज सोडावी लागते. मालवाहू गाडीच्या एका जागेचं माप ३.७५ बाय ७.५ मीटर. आमच्या नकाशात ती मागच्या बाजूला व्यवस्थित आखलेली आहे. प्रत्यक्षात तिथे शटर लावून ज्यूस सेंटर चालतं! मालक नकाशा दाखवायला टाळाटाळ करत असेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून महापालिकेकडे माहिती अधिकारात प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. बेकायदा बांधकामाला महापालिका एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस काढू शकते, पण तोवर तुमचं डिपॉझिट अडकलेलं असतं.

रस्त्याचं गणित वेगळं. दुकानासमोरचा रस्ता दुकानदाराचा नसतो, आणि 'नो पार्किंग' रंगवून ठेवलेल्या डब्याला कायद्यात काही किंमत नाही. कुठल्या बाजूला, कोणत्या वेळेत, सम तारखेला की विषम, हे वाहतूक शाखेचे उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ नुसार आदेश काढून ठरवतात. पाटीवर भिस्त ठेवू नका, आदेशच मिळवून वाचा. पुष्कळदा तो आधी तात्पुरता असतो आणि हरकती-सूचना मागवलेल्या असतात. आम्ही व्यापारी मात्र तो कायम झाल्यावर निवेदनं घेऊन धावतो. हरकत गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी द्या. "व्यापाऱ्यांची गैरसोय होते" एवढंच लिहून भागत नाही. किती मीटर जागा, किती ते किती वाजेपर्यंत आणि रोज साधारण किती गाड्या, हे मांडा.

हे होईपर्यंत गाडी कोपऱ्यावर थांबवून माल हातगाडीने आणावा लागणार असेल, तर टोळीच्या मुकादमाशी आधीच बोलून घ्या. दाराशी उतरवण्याचा आणि कोपऱ्यावरून वाहून आणण्याचा हमालीचा दर एक नसतो.