पवईची जत्रा

उरूस किंवा जत्रा तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तेथे पाळणे असतात, मिठाईची दुकाने असतात आणि गर्दीत आईचा हात सुटला की रडू येते. आता अशी एक जत्रा डोळ्यांसमोर आणा, की जिच्यात पाळण्यांच्या जागी यंत्रे आहेत आणि दुकानदारांच्या जागी कॉलेजात शिकणारी मुले-मुली उभी आहेत. अशा जत्रेला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले, ती डिसेंबर २०२३ मध्ये. तिचे नाव टेकफेस्ट. मुंबईत पवई येथे आय.आय.टी. ही मोठी तंत्रशिक्षण संस्था आहे. ती १९५८ साली सुरू झाली. तेथील विद्यार्थ्यांनी १९९८ साली टेकफेस्ट सुरू केला, आणि आजही तो विद्यार्थीच भरवतात.

मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत शिकवते. भिवंडीहून पवई काही फार लांब नाही. तरी दहा वर्षे नोकरी करूनही मी तिकडे कधी गेले नव्हते. खरे सांगू? ती जागा आपली नव्हे, असे मला वाटत असे. नववीच्या एका मुलाने वर्तमानपत्रातला फोटो दाखवून विचारले, ‘‘टीचर, इथे आपल्याला आत सोडतील का?’’ तेव्हा मला उत्तर देता आले नाही. म्हणून जायचे ठरवले.

पालकांची परवानगी मिळवणे हे एक मोठेच काम होते. मुलींच्या घरी मी स्वतः गेले. एका आईने विचारले, ‘‘तिथे जाऊन हिला काय मिळणार?’’ मी म्हणाले, ‘‘मलाही ठाऊक नाही. पाहून येऊ.’’ हे उत्तर त्यांना कसे पटले, कोण जाणे! पण त्यांनी मुलीला पाठवले. या मुलीची आठवण ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आम्ही चौदा जण निघालो. ठाण्यापर्यंत एस.टी., पुढे लोकल. कांजूरमार्गला जलद गाडी थांबत नाही, म्हणून धीम्या गाडीत बसलो. तेथून रिक्षाने संस्थेच्या मोठ्या फाटकापाशी पोहोचलो. प्रवेश मोफत होता, पण नाव आधी नोंदवावे लागते. मी तेरा नावे नोंदवली होती. चौदावे नाव लिहायचे मी विसरले होते, आणि ते नाव माझे स्वतःचे होते! मुले हसून हसून बेजार झाली. बाजूला उभे राहून मी मोबाइलवर नाव नोंदवले, आणि मग आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर प्रथम झाडे दिसली. एवढी झाडे, एवढे रुंद रस्ते आणि हजारो मुले. जागोजागी फलक होते, पण कोणता कार्यक्रम कोठे आहे, हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला. एकीकडे यंत्रांची कुस्ती चालली होती. तिला रोबोवॉर म्हणतात. जाड काचेसारख्या भिंतींच्या पिंजऱ्यात दोन यंत्रे एकमेकांवर धडका देत होती. एकाच्या पुढच्या बाजूला जड पोलादी चक्र गरगर फिरत होते. चक्र जितके जड आणि जितके वेगवान, तितका त्याचा तडाखा मोठा. एका धडकेत समोरच्या यंत्राचे चाक उडाले आणि ठिणग्या पडल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःला हा खेळ फारसा आवडला नाही. एवढ्या मेहनतीने बनवायचे आणि मग तोडायचे! पण मुलांना तेथून हलवताना माझा घसा बसला.

ड्रोन मात्र मला आवडले. ड्रोनला चार पंखे असतात. ते सगळे एकाच दिशेने फिरत नाहीत. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि दोन उलट. असे का? पंखा एका दिशेने फिरू लागला की ज्या वस्तूवर तो बसवला आहे, तिला तो उलट दिशेने फिरवू पाहतो. वर्गातला पंखा छताला घट्ट बांधलेला असतो, म्हणून छत फिरत नाही. ड्रोन हवेत असतो, त्याला धरणारे कोणी नाही. चारही पंखे एकाच दिशेने फिरले, तर ड्रोन स्वतःच भोवऱ्यासारखा गरगरेल. दोन इकडे आणि दोन तिकडे फिरले की हिशेब बरोबर होतो.

पुढे एका टेबलावर पांढरा कागद पसरला होता. त्यावर काळ्या पट्टीची नागमोडी वाट होती. एक लहानशी गाडी त्या वाटेवरून आपोआप धावत होती. तिला कोणी चालवत नव्हते. टेबलामागे एक तरुण विद्यार्थी उभा होता. आमच्या मुलांपैकी कोणी बोलेना. मीही बोलले नाही. इंग्रजीत विचारावे तर चूक होईल, मराठीत विचारावे तर त्याला मराठी येत असेल का? असा विचार करत मी, तुमची शिक्षिका, गप्प उभी राहिले. तेवढ्यात ती मुलगी, जिच्या आईने प्रश्न विचारला होता, पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘दादा, ह्या गाडीला रस्ता कसा दिसतो?’’

मागची मुले फिसकन हसली. उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ, हे तिला पाठ होते. त्यांना नव्हते. तो तरुण मराठीच निघाला. त्याने गाडी उलटी करून दाखवली. तिच्या पोटाला दोन छोटे दिवे होते आणि प्रत्येक दिव्याजवळ एक ‘डोळा’ होता. दिव्यांतून जे किरण निघतात ते आपल्याला दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. टीव्हीच्या रिमोटमधून हेच किरण निघतात. पांढरा कागद हे किरण परत फेकतो. काळी पट्टी ते शोषून घेते. गाडी नीट चालत असते, तेव्हा पट्टी दोन डोळ्यांच्या मध्ये असते आणि दोघांनाही पांढरे दिसते. गाडी उजवीकडे सरकली, की डाव्या डोळ्याखाली काळी पट्टी येते आणि किरण परत येत नाहीत. लगेच डावे चाक मंद होते, उजवे तसेच फिरत राहते आणि गाडी डावीकडे वळते. या डोळ्याला सेन्सर म्हणतात.

मुलगी थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘असाच माझ्या अब्बांच्या लूमला पण आहे. काटा.’’

मला वाटले, ती काहीतरी भलतेच बोलते आहे. पण तो तरुण म्हणाला, ‘‘काटा? कसला काटा?’’ मग तिने हातवारे करून सांगितले. तिची मराठी अडखळत होती. मध्येच उर्दू येत होती. लिंग चुकत होते. पण तिला माहीत होते आणि त्याला माहीत नव्हते, त्यामुळे तो कान देऊन ऐकत होता.

भिवंडीच्या मुलांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. कापडात उभे धागे असतात, तो ताणा. आडवे धागे असतात, तो बाणा. उर्दूत आपण ताना-बाना म्हणतो, शब्द जवळजवळ तोच. यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि बाण्याचा धागा टाकतो. बाजूला एक लहान काटा असतो. धागा आला की तो काट्याला ढकलतो आणि काटा कलतो. धागा तुटला किंवा कांडी संपली, तर काट्याला ढकलायला काही नसते. काटा जागेवरच राहतो, एका दांड्यात अडकतो, आणि त्यामुळे माग थांबतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे. तिच्यात वीज नाही, दिवा नाही. पण धागा आहे की नाही, हे ओळखणे आणि त्याप्रमाणे यंत्र थांबवणे, हे काम तेच.

‘‘अरे वा!’’ तो तरुण म्हणाला. त्याने आपल्या मैत्रिणीलाही बोलावले आणि मुलीला पुन्हा एकदा सगळे सांगायला लावले. दुसऱ्या वेळी तिची मराठी पुष्कळच सुधारली होती.

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला. ‘‘दादा, काट्याने लूम थांबतो. मग अब्बा येऊन धागा जोडतात. तुमचे मशीन धागापण स्वतःच जोडील, तर अब्बा काय करतील?’’

तो तरुण हसला नाही. त्याने गाडी बंद केली आणि म्हणाला, ‘‘मी याचा विचार केलेला नाही. खरंच केलेला नाही.’’ दुसरे कोणी असते तर काहीतरी मोठे बोलून वेळ मारून नेली असती. त्याच्या या उत्तराचा मला राग आला नाही.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. मग आम्ही एका चित्र काढणाऱ्या यंत्रापाशी गेलो. त्याची रचना साधी होती. एक मोटर पेनाला आडवे सरकवते, दुसरी उभे सरकवते. दोन्ही एकदम चालल्या की तिरपी किंवा वाकडी रेघ निघते. आमच्यातल्या एका मुलाने कागदावर उर्दू लिपीत ‘सलाम’ लिहून दिले. तेथील मुलीने त्याचा फोटो काढून संगणकात घातला. यंत्र लिहू लागले आणि आमची मुले ओरडली, ‘‘उलटे लिहितेय! मीम आधी काढला!’’ खरेच, यंत्राने शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली होती. ती मुलगी म्हणाली, ‘‘याला अक्षर कळत नाही. जी रेघ पेनाच्या जवळ, ती आधी.’’ उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, हा आपला हिशेब. यंत्राला सगळ्या नुसत्या रेघा.

ज्या मुलाने ते लिहून दिले होते, त्याचे आजोबा कातिब होते. आज उर्दूची पुस्तके संगणकावर छापली जातात, म्हणून तुमच्यापैकी कित्येकांना कातिब हा शब्दही ठाऊक नसेल. पूर्वी उर्दू वर्तमानपत्राचे पान न् पान हाताने लिहिले जाई. नस्तालीक लिपीची अक्षरे एकमेकांना जोडताना रूप बदलतात आणि उतरत्या ओळीत बसतात, म्हणून ती खिळ्यांनी छापणे फार अवघड होते. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीच्या मदतीने ‘नूरी नस्तालीक’ हा संगणकाचा टंक तयार केला. त्यासाठी त्यांनी जोडाक्षरांचे हजारो आकार आधी स्वतःच्या हाताने लिहिले. पुढे १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले. मग घरोघरच्या कातिबांचे काम थांबत गेले. या मुलाच्या आजोबांनी नंतर किराणा दुकानात हिशेब लिहिला.

परतीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. मुले रोबोवॉरच्या गप्पा मारत होती. लूमवाली मुलगी मात्र गप्प होती. मी तिला जॅकार्डची गोष्ट सांगितली. फ्रान्समधील लिओं शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली एक माग बनवला. नक्षी विणण्यासाठी कोणते धागे उचलायचे, हे तो पुठ्ठ्यातल्या भोकांवरून ओळखत असे. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने तसलेच पुठ्ठे वापरून गणिते करणारे यंत्र योजले. ते पुरे झाले नाही, पण संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव पहिल्या पानावर असते. म्हणजे संगणकाच्या खानदानात एक माग आहे! हे सांगताना मी खुशीत होते.

तिने विचारले, ‘‘टीचर, जॅकार्डच्या आधी ते धागे कोण उचलायचे?’’

मी सांगितले, ‘‘विणकराच्या हाताखाली दोऱ्या ओढणारा एक मुलगा असे.’’

‘‘मग त्याचे काय झाले?’’

त्याचे काम गेले, असे मी सांगितले. तेवढ्यात ठाणे स्टेशन आले. उतरण्याच्या घाईत बोलणे तेथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा यंत्राने लिहिलेला ‘सलाम’ घेऊन आला. बॉलपेनाची रेघ सगळीकडे सारखीच बारीक असते. त्याच्या आजोबांनी कित्येक वर्षांनी बोरूला तिरपी छाट देऊन त्याच रेघेवर शाई फिरवली होती. आता अक्षर कोठे जाड, कोठे निमुळते झाले होते. ‘‘आणि लामची मान लहान होती, तीही त्यांनी उंच केली,’’ तो म्हणाला.

मी लूमवाल्या मुलीला विचारले, ‘‘तू घरी काय सांगितलेस?’’

‘‘सगळे सांगितले. गाडीचे, डोळ्याचे, काट्याचे.’’

‘‘मग अब्बा काय म्हणाले?’’

‘‘ते म्हणाले, आपला काटा नेहमी झिजतो. तो सेन्सर केवढ्याला मिळतो, ते का नाही विचारलेस?’’