विरोधी मताचा मान



गेल्या वर्षीं माझ्या हातून एक चूक घडली. तिच्यापासूनच या पाठाचा आरंभ करितों. वर्गाचें भित्तिपत्रक संगणकावर तयार करावयाचें होतें. एक डौलदार फाँट बहुतेकांस आवडला. एक मुलगी मात्र ‘तो नको’ म्हणत राहिली. मीं हात वर करावयास सांगितलें, मतें मोजलीं आणि तिचें कारण न विचारतांच विषय मिटविला. भित्तिपत्रक लागलें तेव्हां सह्याद्रीच्या ‘दऱ्यांत’ फिरावयास गेलेलीं आमचीं मुलें ‘दर्यांत’, म्हणजे समुद्रांत, फिरत होतीं! त्या फाँटमध्यें मराठीचा ‘ऱ्य’ नव्हता, आणि तिला नेमकें हेंच सांगावयाचें होतें.

देवनागरी लिहिणाऱ्यांत हिंदी भाषकांची संख्या आपल्याहून पुष्कळ मोठी, व हिंदीस या ‘ऱ्य’ची गरज पडत नाहीं. केवळ डोकीं मोजलीं असतीं, तर हें अक्षर संगणकावर कदाचित् आलेंहि नसतें. तथापि युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत त्याची सोय आहे, आणि ‘लोहित’ या मुक्त फाँटमध्यें मराठी वळणाचा निराळा विचार केलेला आहे.

मुक्त म्हणजे काय? ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येते, तें मुक्त. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें ‘लिनक्स’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण होय. आपल्या नांद्याजवळच्या हिंजवडींत चालणाऱ्या संगणकाच्या व्यवसायासहि त्याचा मोठा आधार आहे. अशा सॉफ्टवेअरचे कर्ते देशोदेशीं विखुरलेले असतात, व पुष्कळ जण स्वेच्छेनें राबतात. त्यांच्यावर हुकूम चालत नाहीं. पटवून द्यावें लागतें.

१९९३ सालीं स्थापन झालेला ‘डेबियन’ हा असाच एक संघ. यंत्र सुरू होतांना सर्व कामें प्रथम कोणत्या आज्ञावलीनें हातीं घ्यावीं, यावर तेथें मोठा वाद माजला. २०१४ सालीं तांत्रिक समितींत चार विरुद्ध चार अशीं मतें पडलीं, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानें ‘सिस्टमडी’ची निवड झाली. ज्यांना ती मान्य नव्हती, त्यांतील कांहींनीं डेबियनचीच आज्ञावली घेऊन ‘डेवुआन’ ही निराळी शाखा काढली. त्यांना कोणास अडवितां आलें नसतें, कारण तो हक्क परवान्यानेंच दिलेला आहे. परंतु वादांत कटुता इतकी वाढली कीं, कांहीं जुने कार्यकर्ते कामावरून निघून गेले. निराळी शाखा निघाली यापेक्षां हें नुकसान मोठें होय.

पुण्यास ही गोष्ट नवी नाहीं. टिळक व आगरकर यांनीं सहकाऱ्यांसह १८८१ सालीं ‘केसरी’ काढला; १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढिले. पुढें सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढला, तेव्हां आगरकरांनीं केसरीचें संपादकत्व सोडून १८८८ सालीं ‘सुधारक’ सुरू केला. हीहि एक शाखाच! वादांत दोन्ही बाजूंनीं कठोर शब्द वापरले गेले. तरीहि १८९५ सालीं आगरकर वारले, तेव्हां टिळकांनीं केसरींत मृत्युलेख लिहून त्यांच्या गुणांचा गौरव केला. मुलींनीं मुलांच्या बरोबरीनें शिकावें, हें त्या काळीं अल्पमतांत असलेल्या आगरकरांचें मत होतें. आज आपल्या वर्गांकडे पाहा.

म्हणून तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. उत्तर देण्यापूर्वीं समोरच्याचें म्हणणें आपल्या शब्दांत सांगा, व ‘होय, हेंच मला म्हणावयाचें आहे’ असें तो म्हणेपर्यंत थांबा. टीका मतावर करा, माणसावर नको. आपल्या कठोर बोलण्याबद्दल २०१८ सालीं टोरवाल्ड्स यांसहि जाहीर क्षमा मागावी लागली. आणि निर्णय झाल्यावर विरुद्ध मत कारणांसह नोंदून ठेवा; चूक दुरुस्त करण्याची वेळ आल्यास तीच नोंद वाट दाखविते.

पालकांस विनंती इतकीच कीं, मूल निराळें मत मांडूं लागलें असतां ‘तुला काय कळतें?’ असें म्हणून त्यास गप्प करूं नये. मीं तेंच केलें होतें. भित्तिपत्रक आम्हीं पुन्हा तयार केलें. या वेळीं फाँट त्या मुलीनें निवडला; पण त्याआधीं मीं वर्गासमोर तिची क्षमा मागितली.