एसाव नांवाचा मासा

इसहाकाच्या ज्येष्ठ पुत्राचें उत्पत्तीच्या पुस्तकांत जें वर्णन आहे, तें आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. एसावाचें अंग जन्मतःच केसाळ होतें. त्याचें नांव एका माशासहि मिळालें आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच कानावर आली असेल. इ. स. १९११ सालीं अटलांटिक महासागरांत, अझोर्स बेटांच्या उत्तरेस, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ हा मासा सांपडला. लांबी अवघी साडेपांच सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. आणि अंगभर केसांसारखे बारीक तंतु! ते खरे केस नव्हेत, कारण खरे केस सस्तन प्राण्यांसच असतात. तरी पाहणाऱ्यास ते केसच वाटावे. पुढें १९५६ सालीं बर्टेलसन व मार्शल या दोघां मत्स्यशास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्याचें नांव 'मिरापिन्ना एसाउ' असें ठेविलें. मिरापिन्ना म्हणजे अद्भुत परांचा. पूर्वींच्या कोणत्याहि कुलांत तो बसेना, म्हणून त्याच्यासाठीं व त्याच्या जवळच्या कांहीं माशांसाठीं 'मिरापिन्निडी' हें नवें कुल स्थापण्यांत आलें.

कुल म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. स्वीडनच्या लिनीअस याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्रत्येक प्राण्यास दोन पदांचें नांव देण्याची पद्धति प्राणिशास्त्रांत प्रमाण मानितात. पहिलें पद वंशाचें, दुसरें जातीचें. जवळच्या जाति मिळून एक वंश, आणि जवळचे वंश मिळून एक कुल. नवा मासा हातीं आला म्हणजे शास्त्रज्ञ त्याच्या परांतील कांटे मोजतो, पाठीचे मणके मोजतो, खवले, दांत व कल्ले तपासतो, आणि संग्रहालयांतील पूर्वींच्या नमुन्यांशीं तो ताडून पाहतो. भेद थोडा असेल तर नवी जाति, फार असेल तर नवें कुल. या पद्धतीनें हजारों माशांची ओळख पटली आहे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ताडून पाहण्याचे दोन नमुने एकाच वयाचे व एकाच लिंगाचे आहेत, असें तींत गृहीत धरलेलें असतें. ज्यानें सुरवंट कधीं वाढविला नाहीं, त्याच्या हातीं एके दिवशीं सुरवंट दिला व दुसऱ्या दिवशीं फुलपाखरूं दिलें, तर तो त्यांस एका घरांत कसा घालील?

आतां दुसऱ्या दोन कुलांची गोष्ट. अमेरिकेंतील गूड व बीन यांनीं १८९५ सालीं खोल समुद्रांतील कांहीं विलक्षण माशांचें वर्णन केलें. अवाढव्य तोंड, बारीकसे डोळे, खवल्यांवांचून लोंबती कातडी, पाठीवरचा व पोटाखालचा पर अगदीं शेपटीजवळ, आणि पोटाखालच्या परांची जोडी मुळींच नाहीं. अंग असें लिबलिबीत कीं आपल्याकडील ओल्या बोंबलाची आठवण व्हावी. आकृति लहानशा देवमाशाची, म्हणून त्यांच्या कुलास 'सीटोमिमिडी' हें नांव मिळालें. आम्ही त्यांस तिमिमत्स्य म्हणतों. त्यांतील सर्वांत मोठे सुमारें ४० सेंटिमीटर भरतात. तिसरें कुल १९६६ सालीं मायर्स व फ्रायहोफर यांनीं स्थापिलें. हे मासे लहान, पण त्यांच्या नाकाचें इंद्रिय प्रचंड. म्हणून कुलाचें नांव 'मेगॅलोमिक्टेरिडी'. यांस आम्ही महानास म्हणूं. एसावाच्या कुलांतील इतर माशांच्या शेपटीस अंगाच्या कित्येक पट लांब फीत असते. ते आमचे फीतपुच्छ.

तीन कुलें, तीन रूपें, तिन्हींचीं वर्णनें बिनचूक. तरी नमुने वाढूं लागले तशी एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. तिमिमत्स्य शेंकडों मिळाले, पण ज्यांचें लिंग ओळखतां आलें त्या सर्व माद्या! महानास मिळाले ते सर्व नर! आणि फीतपुच्छांत एकहि प्रौढ मासा सांपडेना. शिवाय फीतपुच्छ वरच्या २०० मीटरांत राहत, आणि बाकीचे दोघे १,००० मीटरांच्या खालीं, जेथें सूर्यप्रकाश पोहोंचत नाहीं तेथें. विचारी वाचकाच्या मनांत आतां जें आलें असेल, तें शास्त्रज्ञांच्याहि मनांत आलें. डी सिल्व्हा व एश्मायर यांनीं १९७७ सालीं असें सुचविलें कीं फीतपुच्छ हीं तिमिमत्स्यांचींच पिलें असावींत. परंतु इतर जाणत्यांस तें पटलें नाहीं. फीतपुच्छाचें तोंड लहान व वर वळलेलें, तिमिमत्स्याचें आडवें व अफाट. एकास पोटाखालचे पर आहेत, दुसऱ्यास नाहींत. इतका पालट एका आयुष्यांत होतो, हें कोणीं मानावें?

वास्तविक समुद्रानें अशी फसवणूक पूर्वींहि केली होती. कौप यानें १८५६ सालीं वेगळी जाति म्हणून वर्णिलेला एक चपटा, पारदर्शक मासा पुढें ईल माशाचें पिलूं ठरला. ग्रासी व कालांद्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनीं १८९६ च्या सुमारास तें सिद्ध केलें. आइसलंडच्या सेमुंडसन यांनीं १९२२ सालीं खोल समुद्रांतील एका मोठ्या मादीच्या पोटास दोन चिमुकले मासे चिकटलेले पाहिले व तीं तिचीं पिलें मानिलीं. १९२५ सालीं लंडनच्या टेट रीगन यांनीं दाखविलें कीं असे चिकटलेले मासे पिलें नसून नर होत.

येथें पुन्हा इसहाकाची आठवण होते. त्याची दृष्टि मंद झाली होती. आवाज ऐकून त्यास शंका आली, पण हात चांचपतां केस लागले, आणि समोर याकोब असतां त्यानें त्यास एसाव समजून आशीर्वाद दिला. आमच्या माशाच्या बाबतींत तो आतला आवाज २००३ सालीं ऐकूं आला. प्रत्येक पेशींत डीएनए म्हणून आनुवंशिक द्रव्य असतें, आणि त्याची रचना पिलांत, नरांत व मादींत एका जातीचीच राहते. जपानच्या मिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माशांच्या या द्रव्याची तुलना केली, तेव्हां फीतपुच्छ व तिमिमत्स्य यांच्यांत जवळजवळ भेदच दिसेना. ही तपासणी पूर्वीं कां झाली नाहीं, असें कोणी विचारील. जुने नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्यें टिकविलेले असतात, आणि त्यांतून हें द्रव्य सहसा चांगलें निघत नाहीं. त्यासाठीं ताजा मासा हवा, आणि असा मासा खोल समुद्रांतून वर येणें दुर्मिळ.

अखेर स्मिथसोनियन संस्थेचे जॉन्सन, ऑस्ट्रेलियाचे पॅक्स्टन, जपानचे मिया आदि मंडळीनें २००९ सालीं सर्व पुरावा एकत्र मांडला. केवळ आनुवंशिक द्रव्यावर त्यांनीं भिस्त ठेविली नाहीं. रूप पालटत असतांनाचे, अर्धे एक व अर्धे दुसरें असे नमुनेहि त्यांनीं तपासले. आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें नराच्या पालटाचें. पिलूं वरच्या पाण्यांत कोपेपॉड नांवाचे सूक्ष्म कवचधारी जीव पोट फुटेतों खातें. मग तें खोल जातें, आणि नर असेल तर त्याचें अन्न घेणेंच संपतें. अन्ननलिका व जठर नाहींशीं होतात. रूप पालटणाऱ्या नराच्या शरीरांत ते भरपूर कोपेपॉड अद्याप सांपडतात. त्यांपासूनच त्याचें प्रचंड यकृत बनत असावें, आणि त्या शिदोरीवर तो उरलेलें आयुष्य काढीत असावा. इतक्या मोठ्या नाकाचा उपयोग अंधारांत मादीचा माग काढण्यासाठींच, असें समजणें सयुक्तिक आहे. मादीचें तोंड मात्र रुंदावत जातें व ती मोठें भक्ष्य गिळूं लागते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एका जातीचीं पिलें, नर व माद्या यांच्यांत इतकें अंतर दुसरीकडे आढळलेलें नाहीं, असें या शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे.

पुस्तकांतील नांवें वरचेवर कां बदलतात, अशी आमच्या विद्यार्थ्यांची तक्रार असते. पाठ केलेलें नांव पुसावें लागतें याचें दुःख आम्हीहि जाणतों. येथें दोन कुलांचीं नांवें एकदम गळालीं. आधीं दिलेलें नांव टिकतें असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. म्हणून १८९५ चें सीटोमिमिडी राहिलें, आणि मिरापिन्निडी व मेगॅलोमिक्टेरिडी त्यांत विलीन झालीं. एसावहि आतां तिमिमत्स्यांच्याच घरचें पिलूं गणला जातो. काम मात्र तेथें संपत नाहीं. घर एक ठरलें, तरी त्या घरांत जाति अनेक आहेत. कोणता नर कोणत्या मादीच्या जातीचा आणि कोणतें पिलूं कोणाचें, हें एकेक जोडी घेऊन ताडावें लागतें. त्यासाठीं पुन्हा जाळें हजार मीटरांखालीं सोडावें लागतें, आणि वर येईल त्याची वाट पाहावी लागते.