करंगळी सोडून बाकीची बोटं

गिरगाव, मुंबई

चि. सोन्या,


काल रात्री वहिनीचा फोन आला. गणपतीत तू घरी होतास तेव्हाची गोष्ट तिनं इतके दिवस पोटात ठेवली होती. पहाटे तू पडवीत उभा राहून उजवा हात झटकत होतास. विचारलं तर "अवघडला होता गं" म्हणालास. सकाळी शर्टाची बटणं लावायला तुला वेळ लागला, तेही तिनं पाहिलं. अभ्यासानं थकला असेल, असं तिला वाटलं. मला तसं वाटत नाही. आधी मला एवढंच कळव, की बधिर होतात ती बोटं कोणती? अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं, आणि करंगळी मात्र शाबूत, असं आहे का?

दादानं तर आणखीच घाबरवलं. तुझ्या होस्टेलवरच्या कुणाकडून त्याच्या कानावर आलंय की कॉलेजच्या स्पर्धेसाठी तू रात्र रात्र व्हॅलोरंट खेळतोस, मनगटाला क्रेप बँडेज आवळतोस आणि दुखायला लागलं की स्प्रे मारून पुन्हा बसतोस. ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावरून तुला दोषी धरणार नाही. पण खरं असेल तर तुला काय म्हणावं रे? बावीस वर्षांचा घोडा झालास. स्प्रेनं दुखणं कळेनासं होतं, नस मोकळी होत नाही. आवळलेल्या बँडेजनं तिच्यावरचा दाब उलट वाढू शकतो.

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर एक जाड पट्टा. बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस त्यातून जाते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांची जाणीव त्या एका नसेकडे. करंगळीची नस या बोगद्यातून जात नाही, म्हणून मी करंगळीचं विचारते आहे. झोपेत मनगट दुमडतं, बोगद्यातला दाब वाढतो, मुंग्या येऊन जाग येते आणि माणूस उठून हात झटकतो. वहिनीनं पडवीत पाहिलं ते हेच असेल, या भीतीनं मी रात्रभर जागी आहे. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. सगळा दोष माउसचा असतो असं तेही म्हणत नाहीत. थायरॉईड, मधुमेह अशी इतर कारणं असतात. म्हणून तर दाखवायला हवं. घरी बसून तू किंवा मी ठरवायची ही गोष्ट नाही.

तुझ्या टेबलाचा फोटो वहिनीनं मला पाठवला. माउसवर तुझा हात आहे त्या फोटोत. अरे, तो माउस तुझ्या पंजाखाली दिसतच नाही! अनामिका आणि करंगळी दोन्ही बाहेर, मॅटवर घासत. मनगट मागे मोडलेलं, तळहात अधांतरी. माउस निसटू नये म्हणून अंगठा सारखा दाबून धरलेला. जेमतेम ११८ मिलिमीटर लांबीचा माउस आणि तुझा हात आजोबांचा, आप्पांचा. कुणीतरी नावाजलेला खेळाडू तो वापरतो म्हणून तू घेतलास, असं दादा म्हणाला.

आप्पांचं तुला काय आठवणार, ते गेले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. चिपळूणच्या घरात माळ्यावर त्यांचा रंधा अजून आहे, या खेपेला खाली काढून हातात धर. बाजारात मिळणारी कुठलीच मूठ त्यांच्या पंजाला पुरायची नाही. आयता रंधा आणला की पहिलं काम म्हणजे मूठ काढून टाकायची. मग सागवानाचा तुकडा घेऊन पटाशीनं कोरत बसायचे. थोडं कोरायचं, मुठीत धरून पाहायचं, पुन्हा कोरायचं. आई चिडायची, गिऱ्हाईक दारात आणि हे मुठी कोरत बसलेत. पण सत्तरी ओलांडल्यावरही दिवसभर रंधा मारायचे आणि संध्याकाळी पेटीवर भजनाला बसायचे. त्या बोटांना कधी मुंग्या आल्याचं मी ऐकलं नाही. तो हात दादाकडे आला नाही, माझ्याकडे आला आणि माझ्यानंतर तुझ्याकडे. लग्नात माझ्या मापाच्या बांगड्या शोधताना कासार घामाघूम झाला होता, दोन-दहाच्या खाली माझ्या हातात काही चढत नाही.

जगातला पहिला माउसही लाकडाचाच होता, हे तुला शिकवलं असेलच. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तो घडवला. आप्पांना हे सांगायला मिळालं असतं तर ते खूश झाले असते.

आणि नावाजलेल्या खेळाडूंचंच म्हणशील तर हेही ऐक. काउंटर-स्ट्राइकचा स्वीडनचा जुना खेळाडू एमिल क्रिस्टेन्सन, तुम्ही लोक ज्याला हीटन म्हणता, त्यानं झोवी कंपनीबरोबर माउस घडवून घेतला. त्यांची ईसी मालिका ती. एकच आकार, पण मोठा, मधला आणि लहान अशा तीन मापांत मिळतो, ईसी-१ सगळ्यात मोठा. त्यानं आधी हात पाहिला, मग माउस. तू मात्र दुसऱ्याच्या हाताचा माउस उचलून आणलास.

तर आता माप घे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हात सरळ ठेवून. मग बोटांच्या मुळांपाशी रुंदी, अंगठा सोडून. तुझ्या हाताची लांबी साडेएकवीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, माझी खात्री आहे. हाताच्या साठ टक्के लांबीचा माउस असावा, असा एक ढोबळ हिशेब दुकानदार सांगतात, म्हणजे तुझ्यासाठी १२९ मिलिमीटरच्या आसपास. पण नुसत्या लांबीनं भागत नाही. पाठीचा उंचवटा किती आणि कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. तळहात त्यावर टेकला तर बोटं सैल राहतात आणि मनगट सरळ. पाम ग्रिप म्हणतात ती हीच. बोटं वाकवून धरायच्या क्लॉ ग्रिपनंच नेम चांगला लागतो असं तू म्हणशील. लागत असेल. मग निदान तळहाताची मागची बाजू तरी माउसवर टेकू दे.

रेझरचा डेथॲडर २००६ पासून आहे आणि मोठ्या हातांची माणसं अजून त्याच्याकडे वळतात ती उगाच नाही. त्याचा व्ही-३ प्रो १२८ मिलिमीटर लांब, ६८ रुंद, ४४ उंच आणि वजनाला फक्त ६३ ग्रॅम आहे. म्हणजे तुला हलका माउस हवा हा हट्टही पुरा होतो. अंगठ्याला टेकू हवा असेल तर त्यांचाच बॅसिलिस्क व्ही-३ बघ, पण तो १०१ ग्रॅमचा आहे. लॉजिटेकचा जी-५०२ हीरो १३२ मिलिमीटरचा, धरायला भक्कम, मात्र १२१ ग्रॅम वजन तू रात्रभर उचलून आपटावंस असं मला वाटत नाही. त्यांचा जी प्रो एक्स सुपरलाइट बरेच खेळाडू वापरतात, पण तो १२५ लांब आणि ४० उंच. तुझा तळहात त्याच्यावर बसणार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या तीस हजार डीपीआयकडे बघूसुद्धा नकोस. तुम्ही बहुतेक जण चारशे ते सोळाशेच्या मध्येच खेळता. सेन्सिटिव्हिटी कमी ठेव, मोठी मॅट घे आणि हात कोपरापासून फिरव. मनगट टेकवून तेवढ्यातल्या तेवढ्यात वळवत राहणं बंद.

टिकण्याचं मला जास्त कळतं, कारण छापखान्यात माझ्या हाताखालून किती माउस गेले याची गणती नाही. सगळ्यात आधी डाव्या बटणाचा स्विच जातो. आत धातूच्या दोन पट्ट्या टेकतात, हवेनं आणि वापरानं त्या खराब होतात आणि एकदा दाबलं की दोनदा लागतं. पान लावताना मजकुराची चौकट ओढत न्यावी आणि ती मध्येच हातातून सुटावी. तुझ्या खेळात ते कुठल्या क्षणी होईल याचा विचार कर. ऑप्टिकल स्विचमध्ये पट्ट्यांच्या जागी प्रकाशाचा किरण असतो, तो हा त्रास देत नाही. मी सांगितलेल्या रेझरच्या दोन्ही माउसांत तोच आहे. आपल्या कोकणच्या आणि मुंबईच्या हवेत रबरी मुलामा दोन पावसाळ्यांत चिकट होतो, म्हणून साधं खरखरीत प्लास्टिक बरं. चाक फिरवून बघ, एकेक टप्पा स्वच्छ लागला पाहिजे. लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटरबाजार माझ्या घरापासून चालत आहे. दुकानात जोडून ठेवलेल्या नमुन्यावर हात ठेवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि पक्कं बिल घ्यायचं. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मिळतो तो माल बहुधा नकली असतो आणि वॉरंटीला कुणी उभं करत नाही.

पण माउस बदलला म्हणजे झालं, असं समजू नकोस. बोटांचं आधी. करंगळी सोडून बाकीची, असं असेल तर याच आठवड्यात डॉक्टर.

तुला माझं रांगोळीचं ठाऊक आहे, पण अर्धंच. चाळीच्या चौकात पाडव्याला मी ठिपक्यांची रांगोळी काढायचे, तिचे फोटो दादाच्या अल्बममध्ये आहेत. बारीक रेघ हा माझा हातखंडा होता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात चिमूट किती सैल सोडायची हे डोळ्यांना कळत नाही, बोटांनाच कळतं. नव्वदच्या दशकात मी डीटीपीला लागले. पेजमेकर, श्रीलिपी, आणि रबरी गोळीचा एक चिमुकला माउस. तो अडखळला की पालथा करून आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडायचा. दिवाळी अंकांचा हंगाम म्हणजे भाद्रपदापासून रात्रपाळी. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा छापखान्याच्या मालकांनी म्हटलं, अंक निघू दे, मग दाखव. अंक निघाला की दुसरा यायचा. मला तेव्हा कामाचा फार अभिमान होता रे. माझ्या हातची पानं चुकत नाहीत असं लेखक म्हणायचे. शेवटी ऑपरेशन झालं, मुंग्या गेल्या, झोप लागायला लागली. पण अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकला तो पुरता भरलाच नाही, फार उशीर झाला होता. रेघ कुठे जाड पडते, कुठे तुटते. दारात आता मी चार ठिपके आणि दोन पावलं काढते. शेजारच्या मुली म्हणतात छान आहे. मला दिसतं ना.

हे सगळं बोलून दाखवायचं नव्हतं. तुझ्यावर एवढं रागवायचंही नव्हतं. रात्री दादा म्हणाला, तो कॉम्प्युटरच विकून टाकतो. त्याला मी चांगलं सुनावलंय. तुझा खेळ फालतू आहे असं मी कधी मानलं नाही. गणपतीत तू खेळताना मी मागे उभी होते, तुला कळलंसुद्धा नाही. कोण कुणावर गोळी झाडतंय ते मला लागलं नाही, पण तुझं अवधान पाहिलं. आप्पा लाकडाच्या रेषा बघत तेव्हा त्यांचे डोळे तसे व्हायचे. ते अवधान सोडून दे असं मी तुला कशी सांगेन? तुझा हात साठीलाही तुझ्या मनासारखा चालावा, एवढंच मला हवंय.

शनिवारी पुण्याहून सकाळच्या गाडीनं ये. माझं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरीणबाईंना मी फोन करून ठेवते. नसेची तपासणी लागली तर तीही इथेच करू. बऱ्याचदा सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून आणि खेळाचे तास कमी करूनच आराम पडतो. तू वेळेत आला आहेस असं त्या म्हणाव्यात म्हणून मी देवापुढे बसले आहे. तिथून लॅमिंग्टन रोडला जाऊ, तुला हवा तितका वेळ घे, हवे तितके माउस हाताळ. पैसे माझे. नको म्हणू नकोस, तुझ्या मुंजीनंतर मी तुला मनासारखं काही घेतलेलंच नाही.

तोवर बँडेज सोड. आणि पत्राचं उत्तर लांबलचक नको, बोटांचं तेवढं लिही. ते लिहितानाही हात दुखत असेल तर फोन कर, मी जागीच असते.

तुझी
आत्या

ता. क. स्पर्धा किती तारखेला आहे ते वहिनीला माहीत नाही. मला कळव. यंदा खेळता आलं नाही तर मी तुझ्याजवळ येऊन राहीन, आणि आलं तर बघायला येईन.