शोभेच्या दारूकामाची प्रेस: किती टनाची आणि कुणासाठी?

प्रश्न : माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथे त्याच्या ओळखीची मंडळी हौस म्हणून स्वतः बाण आणि भुईनळे बनवतात. त्यालाही एक स्वस्तातली प्रेस घ्यायची आहे. मी टूलरूममध्ये कामाला आहे, म्हणून त्याने मलाच विचारलं. किती टनाची प्रेस पुरेल? आणि हा छंद मला इथे, माझ्या गॅरेजमध्ये करता येईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याची कारणं शेवटी देतो. आधी मावसभावाचं पाहू.

बाणाच्या नळीत दारू सैल राहिली, तर ज्योत कणाकणांमधल्या पोकळीतून एकदम आत शिरते आणि बाण उडण्याऐवजी फुटतो. तीच दारू घट्ट, एकसंध दाबलेली असली, की ती उदबत्तीसारखी पृष्ठभागावरून थराथराने जळते. पूर्वीपासून हे काम गज आणि लाकडी हातोडीने दारू ठासून होत आलं आहे. पण ठासण्याचा दाब प्रत्येक घावाला वेगळा पडतो, आणि काही मिश्रणांना घाव मुळीच सोसत नाही. प्रेस सावकाश दाबते आणि प्रत्येक थराला सारखंच दाबते. तिचा खरा उपयोग हा.

आता टनांचं. बहुतेकांची फसगत इथेच होते. जॅकवर लिहिलेला आकडा त्याची कमाल क्षमता सांगतो. दारूवर किती दाब पडतो, हे गजाच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. एक टन भार 2 सेंटिमीटर व्यासाच्या गजावर टाकला, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 318 किलो दाब पडतो. व्यास निम्मा करा, तोच दाब चौपट होतो. हौशी माणसाच्या नळ्या बोटाएवढ्या जाडीच्या असतात. त्यांच्यासाठी गॅरेजवाल्यांची 20 टनी प्रेस अनावश्यक तर आहेच, शिवाय तिच्यावर लहान भार नेमका ओळखता येत नाही. लहान बॉटल जॅक आणि वेल्डिंग करून बनवलेली भक्कम लोखंडी चौकट एवढ्यावर काम भागतं. दात्यांच्या पट्टीवर चालणारी हाताची आर्बर प्रेस आणखी स्वस्त पडते, पण तिला गेज नसतं. आपण किती दाबलं हे दंडाच्या अंदाजावर राहतं, म्हणून माझं मत तिच्या बाजूने नाही.

गेज मात्र नीट समजून घ्यायला हवं. ते जॅकमधल्या तेलाचा दाब दाखवतं, दारूवरचा नाही. जॅकचा रॅम 3 सेंटिमीटर आणि गज दीड सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर दारूवरचा दाब गेजवरच्या आकड्याच्या चौपट असतो. पास्कलचा नियम शाळेत सगळेच शिकतात, पण प्रेसपाशी उभं राहिल्यावर तो नेमका विसरला जातो. प्रत्येक गजासाठी हा हिशेब कागदावर मांडून तो प्रेसवरच चिकटवून ठेवायला सांगा.

चौकट झुकणारी नको, वरची आणि खालची पाटी समांतर हवी, नाहीतर गज तिरका जाऊन नळीला घासतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. गज ठिणगी न पाडणाऱ्या धातूचे, पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावेत. कागदी नळी दाबाने फुगू नये म्हणून तिच्याभोवती घट्ट बसणारी बाही हवी.

आणि ढाल. स्वस्त प्रेस शोधणारा माणूस नेमकी हीच गोष्ट वगळतो. माणूस आणि नळी यांच्यामध्ये जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा हवाच. काच नको, ॲक्रिलिकही नको, कारण फुटल्यावर त्यांचेच तुकडे अंगात घुसतात. शक्य असेल तर जॅकचा पंप नळीने दूर नेऊन भिंतीआडून चालवावा. ही धास्ती नवी नाही. 1802 साली द्यू पाँ यांनी डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारला. तिथल्या गिरण्यांच्या तीन भिंती जाडजूड दगडी आहेत आणि नदीकडची चौथी बाजू व छप्पर मुद्दाम हलकं ठेवलेलं. स्फोट व्हायचाच, हे गृहीत धरून तो नदीकडे कसा जाईल याची ती तजवीज. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यावसायिकांनी हे मान्य केलं होतं, मग हौशी माणसाने तरी स्वतःला त्यापलीकडचं का समजावं?

मावसभावाने प्रेस घेण्याआधी माणसं गाठावीत. अमेरिकेत पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल ही हौशी आणि व्यावसायिक मंडळींची संघटना 1969 पासून आहे. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून जे शिकता येतं, ते एकट्याने गॅरेजमध्ये शिकू नये. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या वापरापुरतं बनवायला उत्पादनाचा परवाना लागत नाही. पण साठवणुकीचे नियम कडक आहेत, आणि राज्याचा व गावाचा कायदा वेगळा असू शकतो. तो आधी विचारावा, मग जॅक घ्यावा.

आता तुमचं. भारतात 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम लागू आहेत. फटाके या कायद्याच्या व्याख्येत येतात. हौसेसाठी, थोडंसं, फक्त घरच्या दिवाळीपुरतं, अशी सवलत त्यात नाही. परवान्याशिवाय बनवल्यास कलम 9ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी चिंचवडच्या दाट वस्तीत गॅरेजच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं स्वयंपाकघर असतं. तिथल्या माणसांनी तुमच्या हौसेला होकार दिलेला नाही.

तुमचं कसब मात्र वाया घालवू नका. मावसभावाच्या चौकटीचं आणि गजांचं ड्रॉइंग तुम्हीच काढून द्या, मापं तपासा, दाबाचा तक्ता करून पाठवा. आणि उडवण्याचीच ओढ असेल, तर सोड्याची प्लॅस्टिक बाटली, पाणी आणि सायकलचा पंप घेऊन मोकळ्या मैदानावर पाण्याचा अग्निबाण उडवा. त्याला परवाना लागत नाही, आणि शेजारची मुलंही हाताशी घेता येतात.