माधवीभाभींचे पापड कुठे मिळतात?

प्रश्न : माझा नातू ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ न चुकता बघतो. परवा त्याने हट्ट धरला, की गोरेगावला जाऊन माधवीभाभींकडून आचार-पापड आणू या. मी म्हटले, अरे, ते सगळे खोटे असते. तर म्हणाला, मग जेठालालचा फाफडा आपल्या नाक्यावर खरा कसा मिळतो? मला उत्तर सुचले नाही. मालिकांतल्या खाण्यात खरे किती आणि खोटे किती? शिवाय जिलबी-फाफडा या मालिकेमुळेच सगळीकडे पोचला, असे आमच्या शेजारीण म्हणतात. ते बरोबर आहे का?
– एक आजी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आजी, नातवाची शंका अगदी रास्त आहे. त्याच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. फाफडा हा पदार्थ खरा, तो खाणारा जेठालाल काल्पनिक. माधवीभाभींचे तसे नाही. पापड हा पदार्थ खराच, पण त्यांचा तो घरगुती धंदा, त्या ऑर्डरी आणि त्या बरण्या लेखकाने रचलेल्या. म्हणून फाफडा तुमच्या नाक्यावर मिळतो आणि माधवीभाभींचा पापड कुठेच मिळत नाही. गोरेगावात चित्रनगरी आहे, तिथे मालिकेचा सेटही आहे, पण मालिकेतली पावडर गल्लीतली गोकुळधाम सोसायटी शोधायला निघालात तर हेलपाटाच पडेल.

आता शेजारणींचा मुद्दा. मालिका सुरू झाली २८ जुलै २००८ रोजी. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली इथल्या फरसाणवाल्यांपुढे दसऱ्याच्या सकाळी लागणाऱ्या रांगा त्याच्या कितीतरी आधीच्या. नवरात्र संपले, की दसऱ्याला फाफडा-जिलबी खायची ही गुजराती घरांतली जुनी रीत. मराठी घरात जिलबी म्हणजे लग्नाची पंगत आणि सोबत मठ्ठा. तीच जिलबी सकाळी सकाळी तिखट-खारट फाफड्याबरोबर खायची, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटायचे. मालिकेने पदार्थ जन्माला घातला नाही, पण ही जोडी बिगरगुजराती घरांतही ओळखीची केली. एवढे श्रेय तिला जरूर द्यावे.

मग लेखकांनी जेठालालला नेमका फाफडाच का दिला? हे समजायला एकदा फरसाणच्या दुकानात कारागिरासमोर उभे राहावे. बेसनात तेल, ओवा आणि पापडखाराचे पाणी घालून पीठ मऊ मळलेले असते. अंगठ्याएवढा गोळा लाकडी पाटावर ठेवायचा आणि तळहाताच्या मागच्या उंचवट्याने एका दाबात पुढे रेटत न्यायचा. मागे वीतभर लांब, पातळ पट्टी पाटाला चिकटून राहते. तिच्याखालून सुरी सरकवून ती सोडवायची आणि अलगद कढईत टाकायची. क्षणभरात फोड येतात, की झाऱ्याने बाहेर. सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि पातळ पिवळी चटणी. फाफडा साच्यातून पाडतात असे बरेच जण समजतात. साच्यातून पडते ती शेव. फाफड्याला हातच लागतो.

हा पदार्थ थांबत नाही. थोडा वेळ गेला, की फाफड्याचा कुरकुरीतपणा जातो आणि जिलबीचा पाकही गार होतो. विनोदी प्रसंगाला हेच हवे असते. माणसापुढे गरम बशी आहे आणि पहिला घास घेणार तोच वडिलांची, म्हणजे बापूजींची हाक येते, फोन वाजतो किंवा माधवीभाभींचे यजमान भिडेमास्तर तक्रार घेऊन दारात उभे राहतात. प्रत्येक अडथळ्यासरशी बशीतले सुख कमी होत जाते आणि ते प्रेक्षकाला जिभेवर कळते, कारण त्याने ते खाल्लेले असते. जेठालालच्या हाती बिस्किटाचा पुडा दिला असता, तर ही गंमत आलीच नसती. बिस्किट नंतरही खाता येते.

पापडाचा स्वभाव नेमका उलटा. तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून त्याची ऑर्डर घेता येते, साठा करता येतो, भिडेमास्तरांच्या ‘सखाराम’ स्कूटरवरून पोचवता येतो. शिकवण्या घेणाऱ्या मध्यमवर्गीय नवऱ्याच्या संसाराला बायकोची जोड मिळते, ती या पदार्थामुळे. मालिका हिंदी, म्हणून तिथे ‘आचार-पापड’. आपल्या घरात आपण लोणची-पापडच म्हणतो, पण बाई ओळखीची वाटते. ती ओळखीची वाटण्यामागे मुंबईचा खरा इतिहास आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि पहिल्या खेपेला चार पाकिटे तयार केली. तेच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, ही पद्धत हजारो घरांना आधार देऊन गेली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माधवीभाभी काल्पनिक असल्या, तरी त्यांच्या पोळपाट-लाटण्यामागे अशा कितीएक खऱ्या बायका आहेत. नातवाला सांगण्यासारखी मला वाटते ती हीच गोष्ट.

खाण्यावरून पात्र ओळखायची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. २००१ च्या ‘ऑफिस ऑफिस’मधला भाटिया म्हटला, की समोसा डोळ्यांपुढे येतो आणि २००२ च्या एका मालिकेचे तर नावच ‘खिचडी’. अमेरिकेत मात्र निराळी तऱ्हा दिसते. तिथे पदार्थच नवे रचतात. ‘द सिम्पसन्स’मध्ये क्विक-ई-मार्ट नावाच्या काल्पनिक दुकानात ‘स्क्विशी’ नावाचे पेय मिळते. २००७ मध्ये या मालिकेवरचा चित्रपट आला तेव्हा सेव्हन-इलेव्हन कंपनीने आपली डझनभर दुकाने काही दिवसांसाठी क्विक-ई-मार्ट केली आणि पडद्यावरची स्क्विशी खरोखर विकली. ‘फ्रेंड्स’च्या १९९९ मधल्या एका भागात तर पाककृतीच्या पुस्तकाची दोन पाने चिकटल्यामुळे रेचेल गोड ट्रायफलमध्ये कस्टर्ड आणि जॅमच्या जोडीला मटार-कांद्यासह परतलेले गोमांस घालते. असला पदार्थ घरी करून बघणारे हौशी लोक आजही आहेत. आपल्याकडे एवढा खटाटोप करावा लागत नाही. आपल्या मालिकांनी नवी चव शोधली नाही, गल्लीतली चव उचलली.

मग उद्या कुणी माधवीभाभींचे चित्र छापून पापडाची पाकिटे बाजारात आणली तर? तसे परस्पर करता येणार नाही. मालिकेचे नाव, पात्रे आणि त्यांचे गाजलेले बोल निर्मात्यांच्या परवानगीशिवाय वापरण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन मनाई केली आहे. तेव्हा असे पाकीट कुठे दिसले, तर ते गोकुळधाममधून आले असे मानू नका.

आजी, नातवाला येत्या रविवारी सकाळी लवकर जवळच्या फरसाणवाल्याकडे न्या आणि कारागिराचा हात दिसेल अशा जागी उभे करा. फाफडा तिथेच खा. बांधून घेतलात, तर पिशवीत वाफ धरून घरी पोचेपर्यंत लुळा पडेल. पापडांसाठी मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबा आणि तुमच्या इमारतीत अजून कुणी वाळवणे घालत असेल, तर गच्चीवर राखणीला नातवालाच बसवा.