ग्रुपमध्ये जवळ, दारात दूर?



दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या साधनांवर आदेशपत्र प्रसिद्ध केले. त्यावेळी वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट आणि टीव्ही ही प्रमुख साधने होती. आज सारे काही मोबाईलमध्ये आले आहे. मिस्साची वेळ, रक्ताची गरज, मयताची बातमी क्षणात घरोघर पोहोचते. हे देवाचे दानच आहे. पण बातमी पोहोचली म्हणजे माणसे जवळ आली का?

संत पौलाने दूरच्या मंडळ्यांना पत्रे लिहिली. ती सर्वांसमोर वाचली जात. तरीही त्यांना प्रत्यक्ष भेटण्याची पौलाची ओढ त्याच पत्रांत दिसते. पत्र भेटीची जागा घेत नव्हते, भेटीची वाट तयार करीत होते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९च्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशात हेच सांगितले: इंटरनेटमुळे कुटुंब एकत्र जेवायला बसत असेल, मंडळी एकत्र मिस्साला येत असेल, तर ते साधन चांगले. २०२०च्या टाळेबंदीत पडद्यावरील मिस्साने आपल्याला आधार दिला. परंतु ख्रिस्तशरीर पडद्यातून स्वीकारता येत नाही.

म्हणून आपण तीन गोष्टी पाळू या.

१. ग्रुपमध्ये कुणाच्या आजारपणाची बातमी आली, तर हात जोडल्याचे चिन्ह पाठवून थांबू नये. त्या आळीतील कुणीतरी त्याच आठवड्यात घरी जाऊन यावे.

२. ज्या वृद्धांकडे स्मार्टफोन नाही, त्यांना निरोप सांगण्याची जबाबदारी प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने एका तरुणाकडे द्यावी. नाहीतर ज्यांना मंडळीची अधिक गरज आहे, तेच बाहेर राहतील.

३. खात्री न करता संदेश पुढे पाठवू नये; घरच्यांना विचारल्याशिवाय रुग्णाचा फोटो टाकू नये. भावाचे चुकले तर आधी त्याला एकांतात भेटावे, ही प्रभूची शिकवण (मत्तय १८:१५) ग्रुपलाही लागू आहे.

व्हॅटिकनने २०२३ साली सोशल मीडियाविषयी चिंतन प्रसिद्ध केले. त्याचा आधार चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. त्या रस्त्यावर याजकाने आणि लेव्यानेही जखमी माणसाला पाहिले होते. पाहिले तिघांनी, थांबला एकच.

ह्या आठवड्यात ग्रुपमध्ये आपण कुणाचे दुःख पाहिले? आपण त्याच्या दारी कधी जाणार?